हलक्या जेवणात फक्त पंचवीस ग्रॅम प्रथिनं

इंदूरच्या मराठी घरात सत्तरी ओलांडलेल्या आजींचा दिवस साधारण असा जातो. सकाळी चहा आणि दोन टोस्ट. नऊच्या सुमाराला बशीभर पोहे, वर थोडी सेव. दुपारी एक पोळी, पातळ वरण, अर्धी वाटी भात, दुधीची भाजी. चारला चहा-बिस्किटं. रात्री "आता जास्त नको गं" म्हणत वाटीभर मुगाची खिचडी. सगळं घरचं, वेळेवर आणि पचायला हलकं. घरच्यांनाही वाटतं, जेवतायत की व्यवस्थित.

आता हिशोब मांडू. दोन्ही चहांतलं दूध मिळून ३ ग्रॅम प्रथिनं, टोस्ट २, पोहे-सेव ४ ते ५, पोळी ३, वरण ३ (पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते), भात-भाजी मिळून अडीच, बिस्किटं दीड, खिचडी ५. बेरीज पंचविशीच्या आसपास. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं धरतात. म्हणजे ५५ किलो वजनाला ५५ ते ६६ ग्रॅम. आजारपणातून उठलेल्या माणसाला त्याहून जास्त. म्हणजे रोज निम्म्याहून अधिक तूट, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पोट भरलेलं असतं.

तूट भरून निघते ती अंगातल्या स्नायूंतून. आधी मांड्या उतरतात. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागायला लागतो, मग जिना नकोसा होतो, मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. हे वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण बराचसा दोष ताटाचा असतो.

यावर "आणखी एक पोळी घ्या" हा उपाय नाही. म्हातारपणी पोट लवकर भरतं आणि हळू रिकामं होतं, त्यामुळे आग्रह केला की पुढचं जेवण बुडतं. घास तेवढेच ठेवायचे आणि त्यांत भर घालायची. मात्र एक गोष्ट आधीच सांगते: क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किडनीचा आजार सांगितलेला असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. पुढचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत.

पोह्यांपासून सुरुवात करू

इंदुरात पोहे बंद करा म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, आणि त्याची गरजही नाही. एका माणसाला ४० ग्रॅम जाड पोहे घ्या. चाळणीत धुऊन लगेच फोडणीला टाकू नका. दोन चमचे दूध शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवा. दाणा बोटांत दाबला तर पूर्ण चेपला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. फोडणीत अख्खे शेंगदाणे घालायचे नाहीत. दात नसलेल्या किंवा कवळी सैल झालेल्या माणसाच्या तोंडात ते फिरत राहतात आणि कधी तरी तसेच घशात जातात. त्याऐवजी दोन मोठे चमचे दाण्याचं बारीक कूट, म्हणजे २० ग्रॅम, आणि पाव वाटी मऊ उकडलेले मटार. मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं चांगली वाफ येऊ द्या. कूट ५ ग्रॅम देतं, मटार दीड-दोन. पोह्यांचे ३ धरून बशी ९-१० ग्रॅमवर जाते आणि दिसायला तेवढीच राहते. वरची लौंग सेव मात्र जाऊ द्या. ती कडक असते आणि तिचा चुरा कोरडा. सेवेशिवाय चालणारच नसेल तर बारीक फिकी सेव पोह्यांत मिसळून पाच मिनिटं झाकून ठेवा, मऊ पडते.

जीरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, काढून घेऊ नका. वाढत्या वयात चव आणि वास दोन्ही मंदावतात, आणि आपण नेमकं तेव्हाच अळणी, बिनमसाल्याचं वाढायला घेतो. बीपी असेल तर पोह्यांत शिजवताना मीठ निम्मं घाला आणि जीरावण वर भुरभुरा. जिभेला आधी तेच लागतं, त्यामुळे कमी मिठातही चव येते. लिंबू, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, किंचित हिंग यांनीही तोंडाला चव येते. बाजारातलं "लो सोडियम" मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं.

तिखट चालत असलेल्यांना कधी उसळ-पोहे करून द्या. मटकी किंवा वाटाणा कुकरमध्ये इतका शिजवायचा की चमच्याच्या पाठीनं सहज चिरडला जाईल. बाहेरच्या उसळीवरची तर्री घरी नको.

बाकी दिवसाचं गणितही असंच. २०० मिली दुधात साडेसहा ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर फेटली की ११-१२ होतात, आणि पेला तेवढाच राहतो. पावडर आधी थोड्या गार दुधात कालवायची, गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात. हेच दूध खिरीला वापरा, चहाला वापरा, कणीक भिजवायला घ्या. वरण घट्ट करा: एका वाटीला ३० ग्रॅम डाळ, म्हणजे ६ ते ७ ग्रॅम. ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं सहा. ४० ग्रॅम मुगाच्या डाळीचं धिरडं नऊ, आणि ते मऊही असतं. पनीर ५० ग्रॅमला नऊच्या आसपास. कुस्करून, दोन चमचे दूध घालून दोनच मिनिटं परतायचं, जास्त ठेवलं की चिवट होतं. जे अंडं खातात त्यांना एका अंड्यात सहा. वर प्रत्येक वाटीत चमचाभर तूप घातलं की सुमारे ४५ कॅलरी वाढतात. वजन घटत असलेल्या माणसाला कोलेस्टेरॉलच्या धाकानं तूप बंद करणं मला तरी पटत नाही.

सकाळी पावडर घातलेलं दूध आणि हे पोहे, दुपारी घट्ट वरण-पोळी आणि वाटीभर दही, चारला दुधाचा चहा, रात्री धिरडं किंवा पिठलं, झोपताना पेलाभर दूध. बेरीज करून बघा, ५५ च्या घरात जाते. भुट्ट्याचा कीस हाही चांगला पदार्थ आहे. कणीस किसल्यानं सालं बरीचशी मागे राहतात आणि तो दुधात शिजतो. मिरची कमी घातली की झालं. दाल-बाफले करायचे तर बाफला (कणकेचा गोळा) आधी उकडलेला असल्यानं बाटीपेक्षा मऊ असतो. तो डाळीत नीट कुस्करून, तूप घालून, अर्धा पुरे.

सगळी प्रथिनं रात्रीच्या दुधावर ढकलू नयेत. म्हाताऱ्या स्नायूंना एका वेळी थोडीशी प्रथिनं पुरत नाहीत, म्हणून तिन्ही वेळा ताटात काही ठोस हवं. आणि स्नायू वापरलेही पाहिजेत. जेवणाआधी खुर्चीतून दहा वेळा उठ-बस, गरज असेल तर हात टेकून, एवढं तरी करून घ्यावं.

वजन दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर बघा आणि कालनिर्णयावर लिहून ठेवा. तीन महिन्यांत तीन किलो उतरलं, किंवा सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ टक्के (५५ किलोला पावणेतीन किलो), तर "बारीक झाल्यात, बरंच झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. पायावर सूज असेल तर काटा फसवतो. अशा वेळी सैल झालेल्या बांगड्या आणि ढिलं पडलेलं ब्लाऊज जास्त खरं सांगतात. पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजता येतो. सूज नसताना तो ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू कमी झाल्याची ती खूण धरतात. आणि चार-पाच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट वाढू नका. रक्तातले फॉस्फरस-पोटॅशियम झपाट्यानं घसरू शकतात. डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडं थोडं करून वाढवा.

भूक नाही, म्हणजे काय नाही?

आधी तोंडात बघा, खरंच टॉर्च घेऊन. वजन घटलं की हिरड्या आकसतात, कवळी सैल होते, टोचते. मग आजोबा पोळी सोडतात, भाजी सोडतात आणि "इच्छा नाही" म्हणतात. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. घासायला मऊ ब्रश आणि साबण घ्या, टूथपेस्टनं तिच्यावर चरे पडतात. जिभेवर पांढरा थर आणि आग असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो, त्याला औषध आहे.

मग गोळ्यांचा डबा उघडा. थायरॉइडची गोळी कित्येक घरांत चहाबरोबर घेतली जाते. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी हवी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं मळमळ होते, तोंडाला धातूसारखी चव येते, आणि वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं; शाकाहारी माणसाचं ते आधीच काठावर असतं. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. लघवी आवरण्याच्या, ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं; अशा माणसाला कोरडी पोळी गिळवतच नाही, तिला तूप किंवा वरण लावून द्या. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती अलेंड्रोनेट पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं ठरावीक काळच घ्यायचं असतं. चिठ्ठी हरवली म्हणून ते वर्षभर चालू ठेवलेलं आढळतं, आणि जादा झालेल्या डी जीवनसत्त्वानंही भूक जाते. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. यादी करून डॉक्टरांपुढे ठेवा.

बद्धकोष्ठता हे भूक मरण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण. इसबगोल द्यायचा तर पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, आणि झोपायच्या तोंडावर नाही. गिळायला त्रास असलेल्याला तो देऊच नये, घशात फुगून अडकतो.

विसरभोळेपणा वाढलेल्या माणसापुढे एका वेळी एकच पदार्थ ठेवा. पांढऱ्या ताटात पांढरा भात नजर अधू असलेल्याला दिसतच नाही. रंगीत ताट घ्या, टीव्ही बंद करा. चमचा विसरला असेल तर हातात धरून खाता येईल असं द्या: धिरड्याची मऊ गुंडाळी, पनीरचा तुकडा, वाफवलेली ढोकळी.

घास घशात कसा उतरतो

पक्षाघात, पार्किन्सन, डिमेन्शिया किंवा नुसता अशक्तपणा, यांपैकी काहीही असलं तरी गिळणं बिघडू शकतं. खुणा ओळखा: जेवताना-पिताना ठसका, घास घेतल्यावर आवाज ओला, घोगरा होणं, गालात अन्न साठणं, एका जेवणाला तासभर लागणं, वरचेवर कफ-ताप. काहींना अन्न श्वासनलिकेत जाऊनही ठसका लागत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा न्यूमोनिया झाला तर गिळण्याची तपासणी करून घ्या. ती स्पीच थेरपिस्ट करतात.

लोकांना वाटतं, पातळ दिलं की सोपं जातं. उलट आहे. साधं पाणी सगळ्यात वेगानं घशात येतं आणि मंद झालेल्या स्नायूंना श्वासनलिकेचं झाकण मिटायला वेळ मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पाणी आणि दाणे एकत्र: पातळ वरणातला मोकळा भात, दूध-पोळीचे लगदे, फोडी असलेला रस्सा. पाणी पुढे पळतं, फोड मागे तोंडातच राहते. वरण-भात द्यायचा तर भात मऊ शिजवून, घट्ट वरण आणि तूप घालून चमच्याच्या पाठीनं एकजीव करा. चमचा उलटा केला तर गोळा एकसंध पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहता कामा नये आणि पाणीही सुटता कामा नये. मऊ तुकडे देणार असाल तर दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत आणि काट्याखाली दाबल्यावर चेपून पुन्हा फुगता कामा नयेत. परमल (कुरमुरे), फुटाणे, चिक्की, तळलेला गराडू (कंद), टाळूला चिकटणारा बेसनाचा लाडू, चिकट झालेली साबुदाण्याची खिचडी हे सगळं अशा माणसाला बंद.

थेरपिस्टनं पाणी, चहा घट्ट करून द्यायला सांगितला तर औषधांच्या दुकानात मिळणारी झॅन्थन गमची पावडर वापरा. तांदळाची पेज किंवा कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केलेलं तोंडातल्या लाळेनं काही क्षणांत पुन्हा पातळ होतं. सांगितलं नसेल तर आपल्या मनानं घट्ट करू नका. ते आवडत नाही म्हणून माणूस पिणंच कमी करतो.

भरवताना बसण्याची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. पलंगावर उशीला टेकवून, मान मागे, आणि भरवणारा वर उभा, असं चित्र घरोघर दिसतं. उभं राहून भरवलं की जेवणारा मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते. खुर्चीत ताठ बसवा, कंबर मागे टेकलेली, तळवे जमिनीवर (पाय पोचत नसतील तर खाली पाट), हनुवटी किंचित खाली. तुम्ही समोर किंवा बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. चहाचा छोटा चमचा, तोही सपाट भरलेला. घास जिभेच्या मधोमध ठेवा. पक्षाघात असेल तर चांगल्या बाजूला. ओठ मिटू द्या आणि चमचा सरळ बाहेर काढा, वरच्या दातांवर पुसू नका, त्यानं मान मागे जाते. आता गळ्यावरच्या घाटीकडे बघा: ती वर जाऊन खाली आली म्हणजे गिळलं. त्यानंतरच पुढचा चमचा. अधूनमधून "आ म्हणा" सांगून आवाज ऐका. ओला वाटला तर खोकायला सांगा आणि पुन्हा गिळू द्या. तोंडात घास असताना प्रश्न विचारायचे नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात जेवढं झालं तेवढं पुरे, थकल्यावर ठसका वाढतो. जेवण झाल्यावर तोंड आतून स्वच्छ करा आणि अर्धा तास बसवूनच ठेवा.

घास अडकला, बोलणं-खोकणं बंद झालं, तर पुढे वाकवून खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहातानं पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर पाच झटके, आळीपाळीनं. दुसऱ्या कुणाला तरी लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला सांगा.

पाण्याचं थोडक्यात. तहान कळणं वयाबरोबर कमी होतं, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर जातो. बायकांना दिवसाकाठी सुमारे १.६ लिटर, पुरुषांना २ लिटर पेय पदार्थ लागतात. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तेवढंच. रात्री उठावं लागेल म्हणून पाणी टाळलं जातं, तेव्हा तीन चतुर्थांश संध्याकाळी सहाच्या आत संपवा. ताक, पन्हं, सत्तूचं पाणी चालतं. इंदुरी शिकंजी मात्र पेय कमी आणि गोड रबडी जास्त. वजन वाढवायचं असेल तर उत्तम, मधुमेहींना नाही.

उपास, आणि दूर राहणारी मुलं

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सोडा म्हणून कोणी सोडत नाही. बदल ताटात करा. १०० ग्रॅम साबुदाण्यात १ ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, राजगिऱ्यात तेरा-चौदा असतात. राजगिऱ्याची दुधातली खीर, दाण्याच्या कुटाची घट्ट आमटी आणि भगर, दही, पनीर. सराफ्यातून (इंदूरचा खाऊबाजार) उपासाचं फरियाली मिक्स्चर आणलंच तर ते नातवंडांसाठी. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर कोसळते. त्या दिवशीची मात्रा आधीच विचारून ठेवा. घाम, थरथर, बडबड दिसली आणि साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. उपास असला तरी हे द्यायचंच. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८.

मुलं पुण्याला-बेंगळुरूला आणि आई-बाबा टिळकनगरात किंवा सुदामानगरात दोघंच, अशी घरं आता पुष्कळ. टिफिन लावणं सोपं आहे, पण इथले बरेचसे डबे विद्यार्थ्यांच्या भुकेला बेतलेले: जाड रोट्या, तेलाची भाजी, पाणीदार डाळ. लावताना स्पष्ट सांगा: पातळ फुलके, तूप लावून गरम असतानाच गुंडाळलेले, डाळ घट्ट, फोडी बारीक, मिरची वेगळी. रोट्या उरल्या की तुकडे करून डाळीत पाच मिनिटं शिजवल्या की मऊ पडतात. डबा आला की दोन तासांत खायचा, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. उरलेलं फ्रिजमध्ये, आणि पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करून. दुपारचा डबा ओट्यावर ठेवून रात्री तोच खाण्याची सवय मोडायला हवी.

फोनवर "जेवलीस का, आई?" विचारलं तर उत्तर "हो, सगळं जेवले" हेच येणार. "आज वरण घट्ट होतं की पातळ? दह्याची वाटी संपली का? बाबांनी किती फुलके घेतले?" असं विचारा, नाहीतर वाढलेल्या ताटाचा नको, उष्ट्या ताटाचा फोटो मागवा. कामाला येणाऱ्या मावशींना फ्रिजमधल्या दुधाच्या पिशव्या मोजायला सांगा. रोज दोन येत असताना आत पाच साठल्या असतील, तर दूध प्यायलं जात नाही.